पाहुण्यांच्या आधी जेवलेली पोरगी

मागच्या रविवारी दुपारी मी नांदेडच्या एका मंगल कार्यालयात पंगतीत बसले होते. लग्न नव्हतं... डायबिटीस असलेल्या मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा उन्हाळी कॅम्प होता. तीन दिवसांतला शेवटचा दिवस.

गावात मात्र मी सांगून आले होते की नांदेडला चुलत बहिणीकडे चाललेय. मुरुडहून निघताना शेजारच्या काकूंनी तिच्यासाठी पिशवीभर कैऱ्या दिल्या आणि मी त्या मुकाट घेतल्या. बहिणीला बिचारीला मी नांदेडात आहे हेही माहीत नव्हतं... कैऱ्यांची कॅम्पमध्ये चटणी झाली.

खोटं का बोलले ते सांगते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिला टाइप वन डायबिटीस निघाला. तेव्हापासून रोज चार वेळा इन्सुलिनची सुई... आणि ती कायमचीच.

दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणाल्या, "पोरीची जात हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची." पुढे लग्नाचं कसं, हीच त्यांना धास्ती. पण सगळं त्यांच्यावर ढकलून मी मोकळी होणार नाही... मलाही ते पटलं होतं. मी शिक्षिका. लोकांच्या लेकरांना खरं बोला म्हणून शिकवते, आणि माझी लेक मोरीची कडी लावून सुई घ्यायची. तिच्या वर्गबाई सोडल्या तर बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

कॅम्पला पोचल्यावरही तिने आधी बाथरूम कुठंय ते विचारून घेतलं. तेवढ्यात भोकरहून आलेली एक आठ वर्षांची चिमुरडी दिसली. हॉलच्या मधोमध मांडी घालून, काहीतरी गुणगुणत, स्वतःच्या हाताने सुई घेत होती. माझी लेक बघतच राहिली... दुसऱ्या दिवशी ही आपली सुई घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली. मी मात्र ओळखीचं कुणी नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. खोटं कशाला सांगू.

तर रविवार. ताटं वाढून तयार होती... ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, काकडी, ताक. शुगर तपासून झाल्या, मुलांनी सुया घेतल्या. एकदा सुई घेतली की वेळेवर जेवायचं, नाहीतर शुगर धाडकन खाली येते, हा या आजाराचा पहिला धडा. तीन दिवस आम्ही तोच घोकत होतो.

आणि नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे आले. दोन तास उशिरा! मग काय... शाल, नारळ, हार, फोटो. डॉक्टर मॅडमनाही स्टेजवर ओढून नेलं. त्या "आधी मुलांचं जेवण होऊ द्या" म्हणत होत्या, पण माइकवाल्यांचं आपलं "फक्त दोन मिनिटं" चालूच होतं.

दोन मिनिटांची वीस झाली. पाहुणे पानावर बसल्याशिवाय घास घ्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. शुगरच्या वह्या तोंडपाठ असलेले आम्ही सगळे आईबाप वाढलेल्या ताटासमोर हात आवरून भाषण ऐकत बसलो. कुणालाही उठायचं सुचलं नाही.

लेकीने माझा पदर ओढला. तिच्या कपाळावर घाम होता, बोटं थरथरत होती. आणि मी काय म्हणावं? "थांब गं जरा, पाहुणे बोलायलेत." ...हे वाक्य मला अजून छळतं.

ती थांबली नाही. ग्लुकोजची पुडी फोडून तोंडात टाकली आणि सरळ उभी राहिली. "साहेब, मला डायबिटीस हाय. आम्ही सगळ्यांनी सुया घेतल्यात. आता आम्हाला जेवावंच लागतंय." एवढं बोलून खाली बसली आणि भाकरी मोडली.

मोबाइलवर शूटिंग चाललेलं... आता हे सगळ्या ग्रुपवर फिरणार, हाच विचार माझ्या डोक्यात आधी आला. अभिमान वगैरे नंतर. खरं सांगायचं तर तेव्हा मी नुसती घाबरले होते.

पाहुणे माणूस म्हणून चांगले निघाले. हातातला नारळ खाली ठेवत म्हणाले, "चुकलं माझं. जेवा रे लेकरांनो, जेवा." आणि स्वतः ताक वाढायला लागले. डॉक्टर मॅडम तर स्टेजवरून धावतच आल्या. लेकीची शुगर बघितली, अजून थोडं ग्लुकोज दिलं, आणि पंधरा-वीस मिनिटांत पोरगी ठीक झाली.

जेवणानंतर हात धुताना ती हळूच म्हणाली, "मम्मी, मी सगळ्यांसमोर सांगितलं... तुला राग आला का?"

अंगात त्राण नसताना पोरीने स्वतःला सांभाळलं, बाकीच्या लेकरांना जेवायला मिळवून दिलं... आणि तिला काळजी आईच्या रागाची. ही भीती तिच्यात मीच घातली होती. नळाखाली नुसती तोंड धूत राहिले.

ही पोस्ट तिला विचारून लिहितेय. टाकायच्या आधी आत्याबाईंनाही वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "पोरीचं नाव न्हाई लिव्हलंस?" म्हटलं, नाही, नुसतं 'माझी मुलगी' लिहिलंय.

"मग एवढ्या धीराची पोरगी कुणाची हाय, ते लोकांला कसं कळंल? लिव्ह की नाव."

तर लिहिते. तिचं नाव अन्वी. अन्वीला डायबिटीस आहे.

आणि नाही गं बाळा... मला राग नाही आला.