गोळीमास्तर आणि मशेरी

आमच्या निपाणीत सुई टोचणाऱ्याला डॉक्टर म्हणत, मुळ्या उगाळून देणाऱ्याला वैद्य. होमिओपॅथीवाल्याला काय म्हणावं हे कुणी ठरवलं नव्हतं. आमच्या गल्लीतले गृहस्थ पेन्शन घेतलेले शाळामास्तर. इंग्रजी पुस्तकं वाचून ते ही विद्या शिकले होते आणि सोप्यात लाकडी पेटी घेऊन बसत. साबुदाण्याएवढ्या गोळ्या देत, म्हणून लोक त्यांना गोळीमास्तर म्हणू लागले. डॉक्टर म्हटलं तर तेच अडवत, "परीक्षा न्हाय दिली बाबा. मास्तरच बरं."

माझ्या बायकोला अर्धशिशी होती. कपाळ उठलं की ती डोक्याला फडकं आवळून अंधारात पडे आणि घर थांबे. वैद्य झाले, डॉक्टर झाले, शेवटी मास्तरांकडे नेलं. त्यांनी दुखणं कुठल्या बाजूला, ऊन सोसतं का, झोप कशी, सगळं विचारलं. पथ्य सांगितलं: उग्र वासाने गोळ्यांचा गुण जातो, म्हणून कापूर नको, कॉफी नको.

"तंबाखू खाता का, आक्का?"

"न्हाय वो. कधीच न्हाय."

मी तंबाखूच्या वखारीत वजनं करणारा. अंगाला वास नको म्हणून सदरा बाहेर काढून घरात येऊ लागलो. तरी गुण नाही.

एका सकाळी मास्तर स्वतःच चौकशीला आले. बायको चुलीवर तंबाखू भाजत होती.

"हे काय, आक्का?"

"मशेरी की. दाताला लावायला."

"तंबाखू न्हाय म्हणाला होतासा!"

"खाता का म्हणून ईचारलासा. मी कुठं खाती?"

ती खोटं बोलत नव्हती. पहिल्या दिवशी मी शेजारीच बसलो होतो. मलाही मशेरी आठवली नव्हती. आमच्याकडे ती दात घासण्यात जमा.

"मशेरी सोडा, न्हायतर गोळ्या सोडा."

"मशेरीबिगर माझं तोंड उघडत न्हाय, मास्तर."

"मग मालकांना तेवढाच इसावा."

तिने मशेरी सोडली. सुरुवातीला डोकं जास्तच ठणकलं, ती घरभर चिडचिडली. मग हळूहळू उतार पडला. गोळ्यांनी की मशेरी सोडल्याने, मला सांगता येत नाही. दोन्ही एकदम झालं.

उन्हाळ्यात येळ्ळूरची मेव्हणी आली, तीही डोकं धरून. बायको भर दुपारी तिला मास्तरांकडे घेऊन गेली.

"ह्ये डाक्टर व्हय गं?" मेव्हणीने विचारलं.

"न्हाय, गोळीमास्तर," बायको म्हणाली, आणि मास्तर पेटी उघडायच्या आत त्यांना सांगून मोकळी झाली, "हीबी मशेरी लावती. काय खाती म्हणून ईचारत बसू नगासा."