नळीकाकांची पिवळी चिठ्ठी

नळीकाका माणसांशी बोलताना डावा कान पुढे करायचे. उजवा इंजिनासाठी राखून ठेवलेला. फोन डाव्या कानाला, काकूंची हाक डाव्या कानाला. मंडळाच्या गणपतीत ढोल सुरू झाले की उजव्या कानात कापूस. कुणी हसलं तर म्हणायचे, "हत्यार आहे ते माझं. सुतार रंध्याने भाजी किसतो का?"

ब्रिस्टलमधल्या मराठी घरांत त्यांचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. नोकरी सगळी विमानांच्या इंजिनांच्या चाचण्या घेण्यात गेली होती. निवृत्तीनंतर घरामागच्या गॅरेजमध्ये ते जुन्या इटालियन गाड्यांची इंजिनं नीट करायचे. हातात कायम हातभर रबरी नळी. तिचं एक टोक इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं उजव्या कानात. म्हणून नळीकाका.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. माझे बाबा नागपूरला कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. 'निषेध' आणि 'मागण्या' हे शब्द मी बाराखडीच्या आधी ओळखायला लागले. मी इथे सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आले, तरी संध्याकाळी भाडेकरू संघटनेची पत्रकं लिहीतच होते. त्यामुळे गॅरेजमधली ती लांब नाकाची निळी गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हणालेच, "काका, एवढी अक्कल श्रीमंतांच्या खेळण्यावर खर्च करता?"

"या पुढारी," ते म्हणाले. तेव्हापासून मी पुढारीच झाले. "इथे हात लाव." इंजिनाच्या ओतीव अंगावर वाळूचा खरखरीतपणा बोटांना लागला. "कुठल्या तरी फाउंड्रीतल्या माणसाने साच्यात ओतलंय हे. माझे वडील कोल्हापुरात हेच करायचे. खेळणं श्रीमंताचं असेल, ओतणाऱ्याचं काय? तुझ्या पत्रकात तो कुठे बसतो?"

मी बोटं तिथून लगेच काढली नाहीत.

मग मी रोजच गॅरेजमध्ये डोकावू लागले. बारा सिलिंडर, सहा कार्ब्युरेटर, प्रत्येकाला दोन तोंडं. इंजिन तापवून संथ चालू ठेवायचं आणि नळीने एकेका तोंडाचा श्वास ऐकत जायचं. "बारा जण एका पंगतीला बसलेत असं समज," काका सांगायचे. "सगळ्यांचं जेवण एका लयीत चाललं पाहिजे. एखादा भुरकायला लागला, तर त्याच्या पानात काहीतरी वेगळं वाढलं गेलंय." मोजायला मीटर मिळतो म्हणे, काचेचा. तो त्यांच्या खणात खोक्यासकट पडून होता.

काम संपलं की ते पिवळी चिठ्ठी लिहून गाडीच्या मालकाला द्यायचे. तीन ओळी. काय केलं, काय दिसलं, कशाची खात्री नाही. तिसरी ओळ कधी रिकामी नसायची. मला ते पटेना. "काका, असं पत्रक काढलं तर मोर्चाला कुत्रं येणार नाही."

"मोर्चा फसला तर पुढच्या रविवारी परत काढता येतो गं. पिस्टन वितळला की वितळला."

निळी गाडी मार्गारेटची. नवरा वारल्यानंतर ती पहिल्यांदाच ती गाडी घेऊन एकटी कॉर्नवॉलला, बहिणीकडे निघणार होती. काकांनी कार्ब्युरेटरखालचे सगळे सांधे नवे बसवले, दोन दिवस नळी लावून ऐकलं आणि गुरुवारी तिला चिठ्ठी दिली. शनिवारी ती गाडी न्यायला येणार होती.

शुक्रवारी दुपारी काका खुशीत होते. "ये पुढारी, पंगत कशी बसलीय बघ," म्हणत त्यांनी नळी माझ्या कानात दिली. मी एकेक तोंड ऐकत गेले. सातव्यापाशी थांबले.

"काका, हा शिट्टी मारतोय. अगदी बारीक."

त्यांनी नळी घेतली. ऐकलं. "सगळं एकसारखं आहे. घोषणा देऊन तुझे कान गेलेत."

"नाही हो काका, आहे शिट्टी."

त्यांनी पुन्हा ऐकलं. मग नळी माझ्या कानात परत दिली, तेलाची कुपी उचलली आणि सातव्याच्या सांध्यावर दोन थेंब सोडले. थेंब क्षणभर थरथरले आणि सांध्याच्या आत ओढले गेले.

"थांबली," मी म्हणाले.

काकांनी नळी आपल्या कानाला लावून पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. त्यांना ती सुरू असताना ऐकू आली नव्हती आणि थांबलेलीही कळली नव्हती. पण सांध्याने तेल प्यायलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथून जास्तीची हवा आत जात होती. लांबच्या चढावर तो सिलिंडर तापत जाऊन पिस्टनला भोक पडलं असतं.

त्यांनी इंजिन बंद केलं. "बारीक आवाज आधी जातात," ते म्हणाले. "टेस्टिंगला माझ्याबरोबर होते त्या सगळ्यांचे गेले. मला वाटलं, आपण एक कान वाचवला."

मला ते बघवेना. मी म्हटलं, "तो एक सांधा बदलून टाका ना. मार्गारेटला कशाला सांगायचं?"

ते माझ्याकडे वळले. "पुढारी, तू म्हणतेस हे?"

इतकी लाज मला आजवर कशाचीच वाटलेली नाही.

त्यांनी डाव्या कानाला फोन लावून मार्गारेटला सांगितलं, की गाडी तयार नाही, आणि ती तयार झाली हे सांगणारा माणूस आता आपण नव्हे. लंडनमधल्या ईलिंगच्या एका मेकॅनिकचा पत्ता दिला. शनिवारी ती आली तेव्हा नवी चिठ्ठी लिहून ठेवलेली होती. 'कशाची खात्री नाही' त्या तिसऱ्या ओळीत होतं: माझ्या कानाची.

मार्गारेटने पर्समधून गुरुवारची चिठ्ठी काढली. तिसऱ्या ओळीत नुसती एक आडवी रेघ होती. "तुम्हाला कशाचीच शंका नाही, अशी ही रेघ बघून मला झोप लागली नव्हती," ती म्हणाली. "आता लागेल."

गाडी ट्रेलरवर चढून गेली. काकांनी नळी पुसली, गुंडाळली आणि मीटरच्या खोक्याशेजारी खणात ठेवून दिली. त्यानंतर गॅरेजमध्ये दुसरं इंजिन आलं नाही. गणपतीत ते कापसाशिवाय ढोलाजवळ बसले आणि मनसोक्त टाळ्या वाजवत राहिले. गेल्या हिवाळ्यात काका गेले.

परवा आमच्या संघटनेचं पत्रक निघालं, भाडेकरूंच्या एका इमारतीच्या भिंतींतल्या ओलीबद्दल. शेवटी मी एक ओळ घातली: या इमारतीची गळती नेमकी कुठून आहे, याची आम्हाला अजून खात्री नाही. आमची माणसं चिडली. अशाने आपण कच्चे दिसतो, म्हणाली. मी म्हटलं, छापा.

पहिला फोन त्याच ओळीवर आला. त्या इमारतीच्या तळमजल्यावरची एक म्हातारी बाई होती. म्हणाली, "गळती कुठून आहे ते मला माहीत आहे. लिहून घे."