खंडेनवमीला आणलेली हार्ड डिस्क

आधीच सांगतो, मी बॅकअपवर विश्वास ठेवणारा माणूस. देव, भूत, करणी... बाकी कशावर नाही. बायको म्हणते, तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणू दे.

नांदेडला कर्णबधिर लेकरांची आमची संस्था आहे, तिथलं कॉम्प्युटरचं काम माझ्याकडं. ऑपरेशननंतर लेकराच्या कानामागं मशीन लावतात. प्रत्येकाचं सेटिंग वेगळं, महिनोन्महिने बसून जुळवलेलं. ती सेटिंगं मी तीन ठिकाणी ठेवायचो – सर्व्हरवर, कपाटातल्या हार्ड डिस्कवर, आणि दुसऱ्या डिस्कवर लातूरच्या शाखेत, शिवलिंगआप्पांकडं. सगळं एका गावात ठेवायचं नाही, हा माझा नियम.

पण खंडेनवमी आली. संस्थेच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, लातूरची डिस्क बिनपूजेची का राहावी? मी लई कुरकुर केली, पण ऐकतंय कोण! आप्पा एस्टीनं डिस्क मांडीवर घेऊन आले. मीच तिला ओलं कुंकू लावलं. मांडलेली पूजा दसऱ्यापर्यंत हलवायची नाही म्हणून आप्पा रिकाम्या हातानं परत गेले. त्यांना ऑटोत मीच बसवलं.

दसऱ्याच्या सकाळी, पूजा मांडली होती त्या सर्व्हरच्या खोलीतल्या इन्व्हर्टरनं पेट घेतला. माणसं वाचली हे नशीब. सर्व्हर आणि दोन्ही डिस्कचे काळे गोळे मी माझ्या हातानं बाहेर काढले.

त्याच आठवड्यात आमच्याकडं येणाऱ्या लोहा गावच्या गौरीचं मशीन हौदात पडलं. नवीन मिळालं, पण सेटिंगशिवाय काय कामाचं? पोरगी नुकती कुठं बोलायला लागली होती, ती पुन्हा गप्प होऊन कोपऱ्यात बसायची. तिची आई मला एवढंच म्हणाली, "सर, तिचं ऐकणं तुमच्याकडं जपून ठेवलंय म्हणला होता ना?"

एखादी जुनी कॉपी तिकडं राहिली असेल म्हणून आप्पांना फोन लावला. आप्पा म्हणाले,

"सर, डिस्क हाय की हितं. कपाटात. तिकडं ठिवून आलो तरी हितंच, म्हणून भ्यालो, बोललो न्हाई."

आधी मी त्यांच्यावर खेकसलो. मग ते ती घेऊनच आले... माझ्या अक्षरातलं लेबल, वर माझ्या बोटाचं कुंकू. जोडली तर सगळा डेटा जागच्या जागी. आणि जळालेल्या दोन्ही डिस्क आमच्या स्टोअरमध्ये तशाच पडलेल्या! संस्थेनं घेतल्याच होत्या दोन. कुणी बदलली म्हणावं तर जळालेल्या दोन कुठनं आल्या? मॅडमना विचारलं, आप्पांना शंभू महादेवाची शपथ घालून विचारलं. दोघंही म्हणतात, आम्ही काही बदललं नाही. खरं सांगू, आता मी विचारणंही सोडलंय.

गौरीला मशीन लावलं. सवयीनं तिची आई मागून जीव खाऊन ओरडली, "गौरेऽऽ!"

पोरगी दचकून वळली. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आई, वरडू नको."