सासूबाईंचा हात आणि माझी नडगी

माझी उजवी नडगी मोडली ती गवताचा भारा घेऊन बांधावरून घसरले तेव्हा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घोटावड्याच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि निक्षून सांगितलं, महिनाभर कुणी हात लावायचा नाही.

पण आमच्या सासूबाईंना दम कुठला! बाळ-बाळंतिणींना चोळायला अख्ख्या वाडीत त्यांचाच हात. दुखतंय म्हटलं की तेल कोमट करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. दर तीन-चार दिवसांनी कामट्या सोडायच्या, नडगी चोळायच्या, पुन्हा बांधायच्या. मीही गप्प बसायचे. खरं सांगते, सासू पायाशी बसून पाय चोळतेय, हे सुख कुणाला नको असतं?

दोन महिने झाले तरी पाय टेकवेना. जन्माची लंगडी झाले असं धरून मी घरभर चिडचिड करायचे. शेवटी पौडहून एस.टी.नं आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरांनी फोटो बघितला, हकिकत ऐकली आणि सासूबाईंनाच समोर बसवलं. म्हणाले, हाड मोडलं की तिथूनच शरीरात हाक जाते. इर्जिकीला गाव जमतं ना दुसऱ्याचं शेत नांगरायला, तशा पेशी जमतात. हाक नेमकी कोणकोण घालतं, त्याचा शोध अजून चाललाय. जमल्या की त्या आधी मऊ भर घालतात, मग ती कडक होते.

"ती मऊ भर तुम्ही दर चौथ्या दिवशी मोडत होतात, आजी."

सासूबाई एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्या नव्हेत. परतताना मात्र खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला आधी बरं वाटलं, मग फार वाईट वाटलं. गप्प तर मीही बसले होते.

डॉक्टरांनी घातलेल्या प्लास्टरचे दिवस मजेत गेले. त्या ताट हातात आणून द्यायच्या, वेणी घालायच्या, पण पायापासून लांब. एका बाळंतिणीकडचं बोलावणं आलं, तर कंबर धरलीय म्हणून सांगितलं. कंबर ठणठणीत होती.

प्लास्टर कापलं तेव्हा मी चार पावलं नीट टाकली आणि दवाखान्यातच आनंदानं रडले. घरी आल्यावर नडगीवर हाड जुळून आलेला उंचवटा सासूबाई लांबूनच बघत राहिल्या.

"हात लावू का गं?"

मी पाय सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "चोळा की चांगला."

"न्हाई. नुसता ठेवते."

चुलीवर भात करपला, तरी आम्ही दोघी उठलो नाही.