आबा काही विसरले नव्हते

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. मध्यंतरी माझी मुलगी तिच्या पोराला सांगत होती, "तुझे पणजोबा सरहद्दीवर मशीनगन चालवायचे. म्हातारपणी बिचारे सगळं विसरले." मी बाजूला शेंगा सोलत बसलो होतो. तेव्हाही शेंगाच सोलत राहिलो. यातली एकही गोष्ट खरी नाही, आणि दोन्ही माझ्याच तोंडून निघालेल्या आहेत.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते फौजेत लांगरी होते, म्हणजे पलटणीचे आचारी. लढाईच्या दिवसांत चुलीवरचं वरण डब्यात भरायचं, डबा घोंगडीत गुंडाळून पाठीला बांधायचा आणि डोंगरावरच्या चौकीपर्यंत ते गरम पोचवायचं, हे त्यांचं काम. ते आबा अभिमानाने सांगत. लाज मला वाटायची.

आई गेल्यावर मी त्यांना धुळ्याकडच्या आमच्या गावाहून सुरतेला आणलं. ती एकोणीसशे नव्वदच्या पुढची वर्षं. मी सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात कारागीर होतो. कारखान्याला तिकडे खातंच म्हणतात. बायको साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणायची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी तिच्या हातातून पळी काढून घेतली आणि सवयीने एवढं वरण केलं की साऱ्या चाळीला वाटावं लागलं. शेजारची ओडिया पोरं वाट्या घेऊन आली. बायको हसत म्हणाली, "आबा, आपण घरात चौघंच आहोत हो!" आबा म्हणाले, "मग चाळीला धर ना पलटणीत."

तेव्हापासून चूल त्यांची आणि नात, म्हणजे माझी मुलगी, तीही त्यांचीच. तिच्या वेण्या ते दोर वळावा तशा घट्ट घालत. ती ओरडायची, "आबा, डोळे ताणले जातात!" "मग चांगलं लांबचं दिसेल," ते म्हणायचे. जेवायच्या वेळी ती ताट घेऊन खोट्या रांगेत उभी राहायची आणि ते तिला सलाम ठोकून वाढायचे. स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवत, कारण लांगऱ्याने आधी जेवायचं नसतं. घरात कोणी रागाने किंवा रडत काही सांगायला आलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे, आमच्या अहिराणीत: "पह्यले जेवी ले, मंग बोल." माझी कितीतरी भांडणं त्या वाक्याने भाकरीबरोबर गिळायला लावली. त्या वर्षांत आमचा संसार टिकला तो आबांच्या हातच्या जेवणावर, हे मी आज कोणाच्याही समोर म्हणेन.

खोटं मी बोललो ते खोलीसाठी. चाळ गळायला लागली होती आणि जवळच्या सोसायटीत एक खोली रिकामी होती. घरमालक गुजराती. लूमवाल्यांना जागा द्यायला तो नाखूश होता. मी म्हटलं, "शेठ, मेरे फादर मिलिटरी में थे. बॉर्डर पे मशीनगन चलाते थे." त्याचा चेहराच बदलला. खोली मिळाली. घरमालक सोसायटीभर सांगत सुटला आणि आबांना फौजीकाका म्हणू लागला. आबांना वाटलं, फौजेत होतो म्हणून म्हणत असतील.

पुढच्या पंधरा ऑगस्टला त्याने झेंडावंदनाला आबांना खुर्चीवर बसवलं. आबा जुनी लष्करी जर्सी घालून आले होते, त्या उकाड्यात. नात पहिल्या रांगेत मैत्रिणींना गुजरातीत सांगत होती की हे माझे आजोबा, "मारा दादा छे!" घरमालकाने माइकवर मशीनगनचं वर्णन सुरू केलं. आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग ते उठले आणि म्हणाले, "नहीं शेठ, मैं तो लांगरी था. रोटी बनाता था."

घरमालकाने माझ्याकडे वळून पाहिलं. खोली जाईल, चारचौघांत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी पुढे होऊन हसत म्हटलं, "शेठ, उमर हो गई है. आबा आजकल सब भूल जाते हैं."

लोकांनी हळहळून माना हलवल्या. आबा परत खुर्चीत बसले. मुलाला उघडं पाडणं त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते केलं नाही.

घरी येताना नातीने त्यांचा हात धरला, एरवी ते तिचा धरायचे. "आबा, तुम्ही मशीनगन विसरलात?" ते म्हणाले, "असेल बाई." त्या दिवसापासून ती त्यांना सांभाळू लागली. "आबा, गॅस बंद केला का? आबा, मीठ दोनदा नका घालू हं." तिच्या त्या काळजीत खूप माया होती, म्हणून ते ऐकून घेत. पण चौकीच्या गोष्टी त्यांनी तिला सांगायच्या सोडल्या. जर्सी पेटीत गेली. ज्या माणसाला पलटणीतला कोणता जवान कांदा खात नाही आणि कोणाला करपलेली रोटी आवडते हे तोंडपाठ होतं, तो माणूस नातीसमोर विसरभोळा होऊन राहिला.

खोली काही गेली नसती. दिवाळीत त्याच घरमालकाने त्यांना सोसायटीच्या जेवणाची शेवभाजी करायला बोलावलं आणि बोटं चाटत म्हणाला, "काका, फौजीने रसोई पण आवडे!" म्हणजे, फौजीला स्वयंपाकही येतो. लांगरी त्याला चालला असता. मलाच चालला नव्हता.

नात शाळेच्या शेवटच्या वर्षांत होती तेव्हा आबा अंथरुणाला खिळले. एका सकाळी रातपाळी करून मी थेट त्यांच्या उशाशी बसलो. आज बोलायचंच, असं वाटेत ठरवलं होतं.

"आबा, मला काही सांगायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काय सांगायचं आहे हे त्यांना कळलं असावं, असं मला अजून वाटतं. आवाज बारीक झाला होता. "पह्यले जेवी ले, मंग बोल."

मी आत जाऊन जेवलो. मुद्दाम सावकाश जेवलो. बाहेर आलो तर मुलगी त्यांच्याजवळ बसली होती. माझ्याकडे बोट दाखवून तिने मोठ्याने विचारलं, "आबा, हे कोण आलंय? ओळखलं का?"

"माझा पोरगा," आबा म्हणाले. "रात्रभर उभा होता. भुकेला असेल, त्याला वाढ."

"बघा पप्पा, आज आठवलं त्यांना!" ती आनंदाने म्हणाली.

तिच्यासमोर मला तोंड उघडता आलं नाही. त्यानंतर आबांना शुद्ध अशी राहिली नाही, आणि त्याच आठवड्यात ते गेले.

आज हे लिहून झालं की कागद मुलीच्या हातात देणार आहे. तिने तो तिच्या पोराला वाचून दाखवावा. पण त्यातलं शेवटचं तिच्यासाठी नाही.

आबा, मी जेवलोय. आता बोलतो. तुम्ही काहीच विसरला नव्हता. तुम्ही लांगरी होता, आणि मी तुमच्या हातचं खाऊन मोठा झालो. मला माफ करा.