परकोटाच्या आतली शपथ

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्या ह्यांनी माझं माहेर धड पाहिलं नव्हतं. यायचं, जेवायचं, ताणून द्यायची आणि पुण्याची गाडी धरायची. या दिवाळीत मात्र स्वतःहून म्हणाले, "तुमचा तो चंद्रपूरचा परकोट, गावाभोवतीची ती तटबंदी, एकदा दाखव." माझा थोरला भाऊ सकाळीच आपली जुनी व्हॅन घेऊन दारात उभा.

त्याला पाहून मला बरं वाटलं. मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं होतं, म्हणजे जेवढं उघडलं तेवढं. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात, याच्या दोनच गेली. खर्रा सोडा, नाहीतर हे तोंड मिटेल किंवा कॅन्सर होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला हा खर्रा आमच्याकडे पाहुण्यापुढे चहाच्या आधी येतो. लग्नात येतो, मयतीतही येतो. तरी भावाने चैत्राच्या यात्रेत महाकालीसमोर हात जोडून शपथ घेतली, परकोटाच्या आत खर्रा तोंडात घालणार नाही. त्याचं घर आत, दुकान आत, सगळे दोस्त आत. मी म्हटलं, सुटला बिचारा.

जटपुरा दरवाज्यापासून सुरुवात केली. वर दगडात हत्तीला दाबून धरलेला गोंडराजांचा सिंह, आणि खाली माणसाच्या उंचीपर्यंत तपकिरी पिचकाऱ्या. एक वाळली की तिच्यावर दुसरी. सिंह उंचावर आहे म्हणून वाचला. फोटो काढायला हे मागे सरकले ते नेमके ओल्या थुंकीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लोकायले लाजच नाई ना, जवाईबापू," भाऊ कडाडला. "राजानं काय थुंकाले बांधला का हा परकोट?" मग म्हणाला, "तुमी आतून पाहून घ्या. मी गाडी बाहेर लावून येतो." थोड्या वेळाने चूळ भरून, तोंड पुसत परत आला. धूळ फार, असं म्हणाला.

बिनबा दरवाज्यापाशी भिंतीला लागून कचऱ्याचा ढीग होता. त्यात डुकरं तोंड घालून उभी, आणि भिंतीकडे तोंड करून दोन गृहस्थ मोकळे होत होते. मी नाकाला पदर लावला. इथल्या माणसांना देवाने नाक दिलंच नाही की काय! दिवाळीला घर रंगवतील, दारात रांगोळी काढतील आणि आपल्याच राजाच्या भिंतीवर मुततील. माझं डोकं सणकलं होतं. भाऊ इथेही सगळ्यांना शिव्या घालून बाहेर गेला आणि तोंड पुसत आत आला.

पठाणपुऱ्यात मी कोथिंबीर भरलेली गरम सांबारवडी घेतली. त्याने तिचे बारीक तुकडे केले आणि एकेक ओठांच्या कोपऱ्यातून आत सारला.

"काऊन रे भाऊ, असा काऊन खाऊन राह्यला?"

"दाढ दुखते," तो म्हणाला आणि उरलेली वडी ह्यांच्या पुढे केली.

शेवटी अंचलेश्वर दरवाजा. जवळच असलेल्या गोंडराजांच्या समाध्या पाहायला हे गेले. भाऊ नेहमीप्रमाणे बाहेर गेला. या वेळी मीही मागोमाग गेले, कारण त्याचं ते ओठांच्या कोपऱ्यातून खाणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

तो व्हॅनच्या आडोशाला मांडीवर पन्नी घोटत बसला होता. घोटून झालं, चिमूट गालात गेली, आणि पहिली पिचकारी त्याने दरवाज्याच्या दगडावरच टाकली. इतका वेळ मी ज्यांचा उद्धार करत होते त्यांत माझा सख्खा भाऊ होता. मला त्याची किळस आली.

मला पाहून तो दचकला. मग हट्टी पोरासारखा म्हणाला, "शपथ आतली हाये बाई. बाहेरची नाई. आत एक दाणाई खाल्ला नाई म्या, देवीची आण."

"देवी कुठी बसली हाये, भाऊ?"

त्याने मान वर केली. समोर रस्त्यापलीकडे महाकालीचा कळस दिसत होता. देऊळ परकोटाच्या बाहेरच आहे. जन्म या गावात गेलेल्या माणसाला हे सांगावं लागलं. त्याने गालातलं थुंकलं आणि ओठ पुसले.

"तोंड उघड," मी म्हटलं.

लहानपणी तोच माझ्या तोंडातून माती काढायचा. आता मी त्याच्या तोंडात बोटं घालायला गेले. दुसरं बोट दातांवर अडलं. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत जबडा ताणत होता, पण एकच गेलं.

ते बाहेर काढलं तेव्हा त्याला चुन्यातंबाखूचा उग्र वास येत होता. मागून ह्यांनी हाक मारली, "झालं का बघून?" मला ते बोट पदराला पुसताही येईना.