ठिपके न सोडणारं पाणी

"काय वो शिंदे, ही काच धुतली म्हणायची की घाण केली?"

काच धुतली होती, माझ्या डोळ्यांदेखत. पण ऊन चढलं, पाणी वाळलं आणि वरपासून खालपर्यंत पांढरे ठिपके उठले. रस्त्यापलीकडून पाहिलं तर इमारतीला देवी आल्यासारखं दिसत होतं.

नुंगंबाक्कममधली ही ऑफिसची नवी इमारत समोरून सगळी काचेची होती. नव्वदीची सुरुवात. तेव्हाच्या मद्रासमध्ये अशा इमारती मोजक्याच. मिरजेहून आलो तेव्हा मी तिरुवल्लिकेणीत, एकट्या पुरुषांना खोल्या देणाऱ्या एका मॅन्शनमध्ये राहायचो आणि बादली घेऊन दुकानांच्या काचा पुसायचो. तिथून इथवर आलो होतो. साठवलेलं सगळं झुल्यात घातलं होतं. झुला म्हणजे गच्चीवरून दोरांनी खाली सोडायचा लोखंडी पाळणा, त्यात उभं राहून माणसं काच धुतात. हा महिना ट्रायलचा होता. महिनाअखेर चेअरमन इमारत बघायला येणार होते. त्यांना काच आवडली तर वर्षाचं काँट्रॅक्ट मला, नाहीतर मुंबईच्या एका कंपनीला. मग माझ्या झुल्याला भंगारवाला सोडून गिऱ्हाईक नव्हतं.

काचेवरून मला टोकणारे मुकुंदराव बिल्डिंग मॅनेजर. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचे मराठी. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधे मधे तमिळ. पहिल्या दिवशी मराठी ऐकून मी खूश झालो, आपला माणूस भेटला म्हणून. ती खुशी दर ठरेपर्यंत टिकली.

मी म्हणालो, "साहेब, दोष तुमच्या पाण्याचा आहे. बोअरचं पाणी खारट. ते वाळलं की क्षार काचेवर राहतात."

"टाकीतलं पाणी उत्तम आहे. स्टाफ त्याचीच कॉफी पितो."

"काच कॉफी पीत नाही."

"पाणी आम्ही दिलं. ते शुद्ध करायचं असेल तर तुमचा खर्च. काँट्रॅक्टरचा स्कोप तो."

माझं डोकं फिरलं. झुल्याचा दोर तिथेच सोडून घरी जावं असं वाटलं. गेलो नाही, कारण झुला माझा होता.

मग चौकशी सुरू केली. एकाने सॉफ्टनर सुचवला. सॉफ्टनर पाण्यातला एक क्षार काढून त्याच्या जागी दुसरा सोडतो. साबणाला फेस छान येतो, ठिपके राहतातच. दुसऱ्याने डीएम प्लँट सांगितला. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात, ते क्षार धरून ठेवतात. पाणी सुरेख मिळतं. पण मणी भरले की ॲसिड आणि कॉस्टिकने धुवायचे, आणि आमचं पाणी इतकं खारट की ते सारखे भरणार. सेल्समनने किंमत सांगितल्यावर मी विचारलं, यात इमारतही मिळते का.

एक गोष्ट मात्र हिशेब करताना लक्षात आली. सगळी धुलाई शुद्ध पाण्याने करायची गरज नव्हती. साबण लावणं, घासणं, रबरी वायपरने ओढणं, हे बोअरच्या पाण्याने चालतं. फक्त शेवटचा हात चांगल्या पाण्याचा हवा, म्हणजे जे काचेवर वाळेल ते निर्मळ असेल. तेवढ्यापुरतं डिस्टिल्ड वॉटर आणायचं ठरवलं, गाडीच्या बॅटरीत घालतात ते.

तिरुवल्लिकेणीत मॅन्शनच्या गल्लीत शण्मुगमचं बॅटरीचं दुकान होतं. त्याच्याकडून कॅन आणले, एक पट्टा धुऊन पाहिला. वाळल्यावर काच आरशासारखी. मी लगेच घाऊक भाव करायला परत गेलो.

"कट्टुपडियागादु, सार," शण्मुगम म्हणाला. परवडत नाही. मद्रासमध्ये मी सगळ्यात आधी शिकलेलं तमिळ तेच, आणि तेही मीच दुसऱ्यांना ऐकवायचो.

"का नाही परवडत?"

"डिस्टिल्ड आहे, सार. पाणी उकळायचं, वाफ धरायची, गार करायची. जळणाला किती लागतं ठाऊक आहे?"

"कुठे उकळता? दाखवा."

"ते दाखवायचं नसतं, सार."

भाव करताना कुणी असं म्हणालं की मला राहवत नाही. मी त्याला बाजूला सारून दुकानामागे गेलो. मागे शेजारच्या लॉजची भिंत होती. भिंतीवर ओळीने एसी. प्रत्येकाच्या ठिबकणीला नळी, सगळ्या नळ्या एकत्र बांधलेल्या, खाली निळा पिंप, आणि पिंपाच्या तोंडाला जुन्या वेष्टीचं, म्हणजे तिकडच्या धोतराचं, फडकं.

"शेगडी कुठाय?" मी ओरडलो.

शण्मुगम शांत. "सूर्य उकळतो, सार. समुद्राची वाफ होते. एसी गार करतो. मी गाळतो."

मला भांडायचं होतं, पण त्याचं खरं होतं. मद्रासची हवा दमट. एसीच्या थंड नळ्यांवर त्या हवेतला ओलावा पाणी होऊन जमतो. वाफेबरोबर क्षार येत नाहीत, म्हणून त्या पाण्यातही नसतात. मी लॉजच्या एसीचं पाणी विकत घेत होतो, आणि ज्या इमारतीची काच धुवायची होती तिचा एसी गावातल्या मोठ्या एसींपैकी. त्याचं पाणी सरळ गटारात जात होतं.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या एसीच्या ड्रेनखाली बादली लावली. पहिलं पाणी शेवाळलेलं, बुळबुळीत आलं. एसीखालचा पाणी साठायचा ट्रे बसवल्यापासून कुणी धुतलाच नव्हता. माझ्या माणसांनी तो घासला, पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. मग मी मुकुंदरावांना गच्चीवर बोलावलं. काचेच्या तुकड्यावर दोन थेंब टाकले, एक टाकीतला, एक एसीचा, आणि तुकडा उन्हात ठेवला. टाकीच्या थेंबाने पांढरं कडं सोडलं. दुसऱ्याची जागाच सापडेना.

मुकुंदराव वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "एसी कंपनीचा. त्याचं पाणीसुद्धा कंपनीचं. ते असं फुकट कसं देऊ वो?"

"रोज गटाराला देता तसं."

"गटार काँट्रॅक्टर नाही."

तासभर आम्ही गच्चीवर भांडलो. माझा आवाज खालच्या चहावाल्यापर्यंत गेला, असं तो नंतर म्हणाला. शेवटी ठरलं की पाणी मी घ्यायचं आणि बदल्यात सगळ्या मजल्यांवरचे ट्रे फुकट धुऊन द्यायचे.

"सरी," मुकुंदराव म्हणाले. ठीक आहे. आपण गंडलो, असा चेहरा त्यांनी केला. मीही तसाच केला.

महिनाअखेर चेअरमन आले. काच अशी होती की समोरच्या झाडाची पानं तिच्यात मोजावीत. त्यांनी विचारलं, हे कसं केलं? मी पुढे झालो. त्याआधी मुकुंदराव बोलले, "सर, मी इथे वॉटर प्युरिफिकेशनची स्कीम सुरू केलीय. एसीचं पाणी जमवतो, शुद्ध करतो, वापरतो." चेअरमननी त्यांची पाठ थोपटली. मी दोन हात अंतरावर झुल्याचा दोर धरून उभा होतो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

काँट्रॅक्ट मला मिळालं. राग मात्र वर्षभर सांभाळून ठेवला.

पुढच्या वर्षी दर द्यायची वेळ आली तेव्हा मी कोटेशनमध्ये एक ओळ वाढवली. वॉटर प्युरिफिकेशन, आणि पुढे रक्कम.

मुकुंदराव तापले. "हे काय? ते पाणी आपोआप ठिबकतं."

"बरोबर. चेअरमन साहेबांना तसं सांगून येऊ का? स्कीम वगैरे काही नाही, आपोआप ठिबकतं म्हणून?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकी स्वच्छ होती.

"सरी," ते म्हणाले आणि सही केली.

मुकुंदराव रिटायर होईपर्यंत ती ओळ कोटेशनमध्ये राहिली, दर वर्षी थोडी वाढत. त्या पैशातून मी दुसरा झुला घेतला. पाठ त्यांची थोपटली गेली याचा राग मला अजून येतो. पण धंद्यात एवढं शिकलो की दुसऱ्याने आपलं श्रेय घेतलं तर लगेच भांडू नये. आधी ते त्याच्या नावावर पक्कं होऊ द्यावं, मग त्याचा खर्च मागावा.